शिलाईपुरती जागा

आमच्या आत्याला कुणी ‘जरा विचार कर’ म्हटलं की तिचं डोकंच फिरतं. विचार फक्त कापड कापताना करायचा, एरवी हात चालवायचा, असा तिचा खाक्या. तिच्या शिवणाच्या खोलीत मी कापते, ती शिवते आणि काकू काजं-बटणं करते. पण तयार कपड्यांपुढे आमचं काय चालणार? पुढच्या महिन्यापासून खोली बंद करून आत्या कारखान्यात कॉलर लावायला जाणार होती. दिवसभर नुसत्या कॉलरी! तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

तेवढ्यात मुलांचं नाटक बसवणारी एक बाई आली. कुणी कधीच पाहिला नसेल असा प्राणी तिला हवा होता. तो जमला, तर तिच्या सगळ्या नाटकांचे कपडे आमच्याकडे. काकू लगेच हत्ती-घोडे सुचवायला लागली. आत्याने तिला गप्प केलं आणि आमचा दुपारचा खेळ काढला. कागदाच्या पट्टीवर एकीने डोकं काढून घडी घालायची, दुसरीने वरचं न बघता धड काढायचं, तिसरीने पाय. घडीखालून दोन रेघा तेवढ्या डोकावू द्यायच्या, म्हणजे पुढचीला जोड सापडतो. जे निघेल तेच शिवायचं, हे आत्याने आधीच बजावलं.

मी किटलीचं डोकं काढलं, काकूने पिसांचं धड, आत्याने बूट घातलेले लांबलचक पाय. घडी उलगडली आणि मी कपाळावर हात मारला. आत्याने सवयीने त्या रेघांखाली शिलाईसाठी बोटभर जागा सोडली होती! धड वर लटकलेलं, पाय बिचारे खाली वेगळेच उभे.

काकू म्हणाली, मध्ये पट्टा लावून झाकू. आत्याने तिच्या हातून कागद ओढून घेतला.

“तुटका निघालाय ना? मग तुटकाच शिवायचा.”

एका नटाला डोकं-धड, दुसऱ्याला नुसते पाय, असे दोन वेगळे पोशाख झाले. ते बघून नाटकवाल्या बाईने कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन्ही पोशाख उचलून नेले. काम हातचं गेलं, असंच मी धरून चालले.

पहिल्याच प्रयोगात पाय आधी आले आणि पळत सुटले, मागून धड त्यांना हाका मारत. पोरं हसून हसून लोळली. आत्या मात्र जणू ठाऊकच असल्यासारखी आरामात बसली होती.

पुढे कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही. बाईच्या नव्या नाटकातल्या राजाचा झगा शिवत होती. काकू अजूनही त्या चुकीवरून तिला चिडवते.

“अगं, ती जागा सोडली,” आत्या म्हणते, “म्हणून तर आपण तिघी इथे बसलोय.”