पुस्तकाशी भांडलेली नणंद

माझ्या धाकट्या नणंदेइतकी हट्टी बाई नागपुरात दुसरी झाली नाही, आणि झाली असेल तर त्या दोघींची गाठ पडली नाही हे नागपूरचं नशीब. सत्तरनंतरची ती सालं. आमच्या वस्तीत पोरगी मॅट्रिक झाली की पेढे वाटायचे, तेव्हा ही मद्रासला विमानाचं इंजिनियरिंग शिकायला गेली. शेजारच्या काकूंना वाटलं, विमानात चहा द्यायला जाणार. हिने त्यांना अर्धी दुपार अंगणात बसवून सगळं समजावलं. काकू उठल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "चहा नाही देत, तं मंग शिकून काय करते वं?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली की आमची खैर नसे. तिला वेड हवेचं. तव्यावर पोळी फुगली की का फुगली ते विचारणार, तारेवर लुगडं फडफडलं की बादली तशीच टाकून बघत उभी राहणार. एका मे महिन्यात तिने कूलरच्या पंख्याची पाती पक्कडीने वाकवली, वारा जास्त यावा म्हणून. वारा आला, पण पाण्यासकट आला, आणि खाटेवर झोपलेले माझे सासरे भिजून उठले. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. हिला म्हणाले, "बरं वाटून राहिलं, माय. पण थोडं कमी कर." सासरे गिरणीत होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हापासून त्यांचा एकच नेम, जे पटलं नाही त्याला मान हलवायची नाही. पोरीने तो नेम जरा जास्तच मनावर घेतला.

तिसऱ्या वर्षी तो अंगाशी आला. विमान वर कसं उचललं जातं, असा प्रश्न परीक्षेत आला. पुस्तकात उत्तर असं की पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला वाट लांब. खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठायचं म्हणून वरची हवा धावत सुटते, आणि त्या धावण्याने पंख उचलला जातो. हिने लिहिलं, हे चूक आहे. का चूक, ते लिहिता लिहिता वेळ संपला आणि ही नापास. सरांनी बोलावून सांगितलं, फेरपरीक्षेत हा प्रश्न पुन्हा येईल, पुस्तकातलं लिही. परत नापास झालीस तर शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्ती बंद म्हणजे मद्रासच बंद, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

घरी सगळे तिच्या मागे लागले. तिचा भाऊ रागावला, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रडल्या, मीसुद्धा म्हटलं, लिहून टाक न वं बाई, पास हो, मग भांड जन्मभर. ती म्हणाली, "वहिनी, त्या दोघी हवा मागं भेटू म्हणून ठरवून निघाल्या काय? वरची केव्हाच पुढं निघून जाते. खालचीसाठी कायले थांबन ते?" मला हवेतलं काही कळत नाही, पण माहेराहून एकेक करून निघालेल्या आणि पुन्हा कधी एकत्र न जमलेल्या आम्हा बहिणी आठवल्या.

फेरपरीक्षेत तिने त्या प्रश्नाला हातच लावला नाही. नंबर टाकून जागा कोरी सोडली आणि बाकीच्यावर काठावर पास झाली. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "खोटं तं नाही लिहिलं?" ती नाही म्हणाली. "मंग झालं," म्हणाले, आणि डबा उचलून गिरणीत गेले.

पण काठावरचे मार्क काठावरच राहतात. विमानं बनतात तिथे तिला कोणी घेतलं नाही. दूरच्या एका गावी पॉलिटेक्निकात पोरांना यंत्रं शिकवते. सासरे आता नाहीत. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा मी सांबार निवडत होते, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि विचारू नये ते विचारून बसले. लिहिलं असतं तेव्हा, तर?

"तर विमानाले हात लावाले भेटला असता," ती म्हणाली. "वाईट वाटते न वहिनी. लय वाटते. पण लिहिलं नसतंच."

मग तिने माझ्यापुढची जुडी ओढली आणि निवडायला लागली. तिला ते जमत नाही, पिवळी पानंही हिरव्यात टाकत होती.