विहिरीचा विसावा

माझा थोरला भाऊ जोतीराम लढाई संपल्यावर, शेहेचाळीस साली घरी आला. पलटणीत तो मोटारींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यामुळे सांगलीत पाणी ओढायची इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात त्याला काम मिळालं. गावोगावी इंजिन न्यायचं, चालवून दाखवायचं आणि त्याचे गुण सांगायचे.

ते गुण मालकानं कागदावर लिहून दिले होते. दादा बाजारात उभा राहून कागद वाचायचा. लोक दोन ओळी ऐकून मिरच्या घ्यायला निघून जायचे. आई त्याला म्हणाली, कीर्तनकारसुद्धा मधूनमधून लोकांना नाव घ्यायला लावतो, टाळ्या वाजवायला लावतो. तू एकटाच किती बोलशील?

तेव्हापासून कागद खिशात राहिला. दादा आधी लोकांनाच विचारू लागला. तुमच्या मोटेला बैल किती, दुपारपर्यंत भिजतं किती. एकानं वाढवून सांगितलं की दुसरा त्याला टोचायचा. मग दादा त्यातल्याच एकाच्या हातात इंजिनाची दांडी द्यायचा. इंजिन सुरू झालं की तो माणूस आपणच ते घडवल्यासारखा सगळ्यांकडं बघायचा. गर्दी हलायची नाही.

पण घेत कोणी नव्हतं. मालकानं बजावलं, चैत्र संपायच्या आत एक तरी इंजिन खपलं पाहिजे, नाहीतर दुसरं काम बघ. पलटणीतून सुटून आलेली माणसं तेव्हा जिथं तिथं काम मागत फिरत होती.

माझं सासर आटपाडीचं. आमच्या आळीला लागूनच नाथाजींचा मळा. त्यांच्या विहिरीचं पाणी सगळी आळी प्यायची. मीच नाथाजींकडं शब्द टाकला. ते म्हणाले, माझ्या विहिरीवर चालवून दाखवू दे, पटलं तर घेतो.

त्या सकाळी बायकांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. नाथाजींचा मोटकरी बिराप्पा म्हणाला, "बैलाची शेपूट पिळली की पळतंय. ह्याचं काय पिळायचं?"

"हे पीळ," म्हणत दादानं दांडी त्याच्या हातात दिली.

लोक पोट धरून हसले. मग प्रत्येकालाच दांडी फिरवायची होती. दादा कुणाला नाही म्हणाला नाही. एकानं बंद करायचं, दुसऱ्यानं सुरू करायचं. म्हाताऱ्या बनुबाईंचा हात त्यानं स्वतः धरून धारेखाली नेला. पाणी पाटानं लांबपर्यंत गेलं. माझा भाऊ म्हणून मी मिरवत होते.

मोटेचे बैल दुपारी दमतात. त्यांना सोडलं की विहिरीलाही विसावा मिळतो, तेवढ्यात ती पुन्हा भरते. बैल दमले की थांबायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. इंजिन दमलं नाही, आणि आत वाकून बघायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा नळीतून आधी हवा आली, मग चिखल. झऱ्याच्या तोंडावर माती ढासळली होती.

हसणं थांबलं. नाथाजींनी काठावरून आत वाकून बघितलं. मग म्हणाले, "पाव्हणं, इंजिन चांगलं हाय तुमचं. पर आता ते चालवू कशावर?"

दादा आणि बिराप्पा तीन दिवस विहिरीत उतरून झरा उकरत राहिले. बिराप्पानं एकदाही टोमणा मारला नाही, तेच दादाला सोसवलं नाही. खाली नुसता ओला खडक लागला. चौथ्या दिवशी कुंकवासकट इंजिन गाडीत चढलं आणि सांगलीला गेलं.

काम सुटलं. पुढं दादा मिरजेच्या स्टेशनावर ओझी उचलू लागला. मी माहेरी गेले की विचारलं तेवढं बोलतो. पण मी कशी आहे, हेसुद्धा तो विचारत नाही. सगळ्या बाजाराला प्रश्न विचारणारा माणूस तो.

त्या पावसाळ्यात विहिरीत पाणी आलं, पण ते नुसतं साठलेलं. मार्गशीर्षात संपलं. आता आम्ही बायका लांबच्या ओढ्यात वाळू उकरून पाण्यासाठी झिरे खणतो. परवा वाटेत बनुबाई दमून खाली बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या भावानं हात धरला व्हता माझा. लय गार व्हतं गं पाणी."

त्यांची घागर मी माझ्या कमरेवर घेतली. वाटेत नाथाजींची विहीर लागते. पूर्वी तिथं मी हात जोडायची. आता हात मोकळे नसतात.