न वाचलेले चौदा महिने

बुरोंडीच्या मथुराने आपला संसार पावत्यांच्या पाठीवर लिहिला. नवरा भिकाजी मालवाहू जहाजावर खलाशी. वर्षातून एकदा, महिना-दीड महिना घरी यायचा. पत्रं घालावीत तर ती ह्या बंदरातून त्या बंदरात त्याच्यामागे धावायची नि बरीचशी वाटेतच गडप व्हायची. म्हणून चौथी शिकलेल्या मथुराने आपली वाट काढली. घरात आलेला प्रत्येक कागद ती भिंतीवरच्या तारेत ओवायची. पण त्याआधी त्याच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी खरडायची. कौलांच्या पावतीमागे, ‘गाडी वर चढेना. वाडीतल्या बायांनी हातोहात आणली.’ खेडच्या एसटी तिकिटामागे, लेकाविषयी, ‘समर्थ वाटभर ओकला. जगबुडी नदी बघून हसला.’

भिकाजी आला की दुसऱ्या दिवशी जेवणं आटपून दोघं पडवीत बसायची. ती वाचायची, तो मध्येच अडवायचा. “मग त्या बायांना जेवायला काय केलंस?” एकेका पावतीला अर्धा तास जायचा. वाचून झालेला गठ्ठा तो स्वतः सुतळीने बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवायचा.

समर्थ आठ वर्षांचा असताना भिकाजीची सुट्टी लांबली. चौदा महिने झाले, तार भरत आली. आणि एक दिवस निरोप आला, छातीत कळ येऊन भिकाजी जहाजावरच गेला. दिवसकार्य उरकल्यावर मथुराने तारेतले कागद उतरवले, आपल्याच हाताने बांधले. त्यानंतर कुठल्याच पावतीमागे तिने अक्षर काढलं नाही.

समर्थ आता लोटे इथल्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याची बायको योगिनी खेडला कचेरीत आहे. कागद नीट लावायची तिला हौस. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिने पेटी उघडली, कसर झटकली, एकेका पावतीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ती सालवार फाइलीत घालू लागली. शेवटच्या गठ्ठ्याला हात घातला तशी मथुरा म्हणाली, “तो नको गो. ह्यांनी अजून बघितला नाय.”

योगिनीने सासऱ्यांना फक्त तसबिरीत पाहिलं होतं. तिने गठ्ठा हळूच खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, मला वाचून दाखवाल?”

सुतळीची गाठ सोडवून मथुराने पहिला कागद डोळ्यांजवळ धरला. रॉकेलची पावती. “‘आज फणस उतरवला. कापा निघाला. तुमच्या वाट्याचे गरे तळून डब्यात ठेवलेत.’” एवढं वाचून ती सवयीने थांबली. इथे तो काहीतरी विचारायचा.

योगिनीला ते कुठून कळणार? तिने आपलं सहज विचारलं, “मग काय झालं त्या गऱ्यांचं?”

“काय व्हायचं? मऊ पडले. मग समर्थला दिले.” मथुरा हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

आणखी तीन कागद तिने वाचले. पाचव्यावर नजर गेली नि तिने तो उलटा ठेवला. “बास आता. उरलेले तसेच राहू देत.”

चार पावत्या फाइलीत गेल्या, बाकीच्या मथुराने पुन्हा बांधल्या. पूर्वी वाचून झालं की घर माणसांनी भरल्यासारखं वाटायचं. आज तसं वाटलं नाही. तरी योगिनी चहा घेऊन आली तेव्हा मथुरा पडवीतच बसून होती, आणि बाजूला सरकून तिने सुनेला जागा करून दिली.