तिले सांग, मार म्हणा

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला यवतमाळात कोणी टीम म्हणत नव्हतं. पाच मुली लागतात, होत्या चार. पाचवीचं लग्न ठरलं आणि ती मेंदी लावून मोकळी झाली. मग खेळाचे सर वर्गावर्गात विचारत सुटले, "कोणी पयणारी पोट्टी हाय काय?" शेवटच्या बाकावरून मी हात वर केला. पळता येत होतं, पण बॉल जन्मात हातात धरला नव्हता. तरी केला हात वर, कारण मी मुळातच हट्टी, आणि जूनपासून त्या वर्गात माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

मी कोलामाची. कळंबच्या पुढं, जंगलाच्या कडेला आमचं पोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, मूठभर घरांची. रंग काळा कुळकुळीत, केस कुरळे, आणि मी मराठी बोलायला लागले की पोरी तोंडाला रुमाल लावायच्या. "लाईट गेली तं दिसन काय वं हे?" असं मागून चालायचं. वसतिगृहात माझ्या शेजारची खाट रिकामीच राहायची. मी रडले नाही हो, मला रागच यायचा. आणि राग आला की मी जेवत नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

टीमची कॅप्टन उंच, गोरी, बाभुळगावकडची. वडिलांची भलीमोठी शेती. आता योगायोग बघा, त्यांच्याच वावरात माझी माय कापूस वेचायला जायची. कॅप्टन फ्रॉक घालून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खेळायची, तेव्हापासून माय तिला "बाई" म्हणायची. मीही कधी कधी मायच्या मागं तिथं जायचे. पहिल्याच दिवशी तिनं मला ओळखलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी थेट कधी बोलली नाही.

मी समोर उभी असले तरी ती वकिलाच्या मुलीला सांगायची. ही वकिलाची मुलगी म्हणजे आमच्यातली बुटकी, चष्मेवाली, यवतमाळातलीच. "तिले सांग, डाव्या बाजूनं पय म्हणा." बुटकी वळून मला म्हणायची, "डाव्या बाजूनं पय म्हणते." मी म्हणायचे, "बरं." की बुटकी पुन्हा तिकडे वळून, "बरं म्हणते." हे टपालखातं चालू असताना समोरचीनं बास्केट करून टाकलेली असायची! आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मी बॉल दाणकन जमिनीवर आपटायचे. मला बक्षीस नको होतं, शिल्ड नको होती. तिनं एकदा माझ्याकडे बघून "तू" म्हणावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी उन्हातान्हात त्या फुटक्या सिमेंटवर गुडघे सोलून घेत होते.

खेळ मला लवकर आला. बॉल घेऊन निघाले की कोणाच्या हाती लागत नसे. पण रिंगखाली पोचले की मी तो दुसरीला देऊन टाकायचे. रिंग समोर, मोकळी, कोणी आडवं नाही, तरी पास. सर डोक्याला हात लावायचे. "अवं, बॉल हाय का परसादाची शिरणी? वाटत काय सुटली?"

एकदा त्यांनी बाजूला घेऊन विचारलंच, काहून मारत नाही म्हणून. मी सांगितलं. आमच्या पोडावर नाल्यातले मासे धरून आणले की पळसाच्या पानांवर ढिगल्या मांडतात, घरटी एक. ज्यानं आणले त्यानं आपली ढिगली सगळ्यात शेवटी उचलायची. आधी हात घातला तर म्हातारी माणसं काही बोलत नाहीत, नुसती बघतात. ते बघणं फार वाईट. बॉल मी आणला, मग आधी मीच कसा मारू? सर पोट धरून हसले. "मंग समोरच्या टीमलेबी दे ना एक ढिगली!" मलाही हसू आलं. पण हात काही वळला नाही. चौघीजणी माझ्या पासवर बास्केटी मारायच्या, टाळ्या घ्यायच्या, आणि कॅप्टन लांबून ओरडायची, "तिले सांग, मार म्हणा!"

ती वर्षं कापसानं दगा दिल्याची. बोंडं बाहेरून हिरवीगार दिसायची, फोडली की आत अळी. भाव पडलेले, बाजारात गाड्या ताटकळलेल्या. वावरातच काही नाही तर वेचायला बायका कशाला लागतात? कोणाला बोलवायचं, कोणाला नाही, हे शेतमालकाच्या मर्जीवर आलं. मी घरी गेले की मायचं एकच असायचं, "बाईचं मन राखून राहा गं. आपलं काम त्यांच्याकडे आहे." मी हो म्हणायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

त्या हिवाळ्यात नेरला कॉलेजांचे सामने होते. एसटीनं गेलो. कॅप्टन आणि बाकीच्या पुढं बसल्या, मी मागं बॉलची पिशवी घेऊन. पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात अगदी काट्याची टक्कर झाली. वेळ संपत आलेली, आम्ही एका गुणानं मागं, आणि बॉल माझ्या हातात. कॅप्टन उजवीकडे मोकळी उभी होती. मला दिसत होती, खोटं कशाला बोलू! पण काय झालं कोण जाणे. इतक्या महिन्यांचं ते "मार म्हणा, मार म्हणा" डोक्यात एकदम चढलं आणि मी रिंगवर नेम धरून बॉल मारला.

बॉल रिंगवर आपटला, वर उडाला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. हरलो.

कॅप्टन धावत आली. मला वाटलं, आता बुटकीला काय सांगते ते ऐकायचं. पण ती थेट माझ्या अंगावरच आली. "आंधळी हायस काय वं तू? मी इकडं मोकळी उभी होती, दिसली नाही काय तुले? रोज पास, पास, पास, अन् आजच तुले हौस आली?"

माझंही टाळकं सटकलं. "मंग तूच तं सांगत होती, हिच्या तोंडानं, मार म्हणा म्हणून! अन् मारला तं आता बोंबलून राह्यली!"

"म्हणून हाच टाइम भेटला काय तुले?"

"मले एकदा तोंडानं सांगतलं असतं तं कळलं असतं, कवा माराचं अन् कवा नाही!"

बुटकी मध्ये उभी, एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. तिला काही कामच उरलं नव्हतं. सर म्हणाले, "पुरे वं माय, लोक पाहून राह्यले." पण ऐकतंय कोण? आम्ही स्टँडवर भांडलो, एसटीत चढताना भांडलो, आणि भांडण अर्धवट राहू नये म्हणून ती यवतमाळपर्यंत माझ्याच बाकावर बसली. हरल्याचं दुःख बाकीच्यांना होतं. माझ्या मनात आनंद मावत नव्हता, तोंड मात्र मी चढवूनच ठेवलं होतं.

रविवारी घरी गेले. माय चुलीपाशी होती. आम्ही घरी कोलामीतच बोलतो. तिनं विचारलं, "जिंकलात का?"

"हरलो."

"मग हसतेस कशाला?"

मी सांगितलं की कॅप्टनशी माझं भांडण झालं, ती बोलली आणि मीही उलट बोलले. मायच्या हातातली भाकर तशीच राहिली. "बाईला? तू उलट बोललीस बाईला?" तिचा आवाज घाबरलेला होता. वेचणीचं काम, शेतमालक, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं असणार. मला माझाच राग आला, जिभेला हाड नाही म्हणून.

"हो. तिला," मी म्हणाले.

मायनं हातातली भाकर तव्यावर टाकली. मग उठली, दाराबाहेर इकडं तिकडं बघून दार लोटून घेतलं, आणि माझ्या अगदी जवळ येऊन बसली.

"काय काय म्हणालीस, पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."