गुरुजींच्या गाडीचे बॉल जॉइंट

गुरुजींची गाडी माझ्या दुप्पट वयाची आहे. लांब बोनेट, गोल दिवे, आणि रंग एके काळी पांढरा होता असं काकू सांगतात. केजकडून आमच्या गावाला वळणाऱ्या रस्त्यावर ती दिसली की कोण येतंय ते लहान पोरंसुद्धा ओळखतात, कारण तशी दुसरी गाडी आता या भागात राहिलेली नाही.

या गाडीबद्दल लिहायचं म्हणजे आधी गुरुजी आणि काकूंबद्दल लिहावं लागेल. गुरुजी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आता निवृत्त आहेत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. माझे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचे. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचे. पाचवीपासून गुरुजींनी मला त्या सहा महिन्यांसाठी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. काकू माझी वेणी घालायच्या, आणि मला ताप आला की रात्रभर कपाळावरची पट्टी बदलायच्या. दहावीनंतर गुरुजींनी याच गाडीत बसवून मला बीडला नेलं आणि मेकॅनिकलच्या डिप्लोमाचा अर्ज भरायला लावला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मेकॅनिकल म्हणजे काय, हे मला दादांना नीट सांगता येईना, तेव्हा काकूंनीच सांगितलं, "यंत्रं दुरुस्त करायचं शिक्षण." दादा म्हणाले होते, "मंग बरं हाय."

ही गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. काकूंच्या मणक्याचं दुखणं वाढलं होतं. दर दुसऱ्या सोमवारी त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागायचं. जीपमध्ये दाटीवाटीत त्यांना बसवत नव्हतं, एसटीचे धक्के सोसत नव्हते. गुरुजी गाडीच्या मागच्या सीटवर दोन गोधड्या अंथरायचे आणि काकूंना आडवं झोपवून हळूहळू न्यायचे. त्यातच गाडीची पुढची डावी बाजू वाजू लागली. खड्डा आला की टक, वळण घेतलं की टक. केजच्या मेकॅनिकनं बॉल जॉइंट गेलेत म्हणून सांगितलं आणि गाडी मोडीत काढा असा सल्ला दिला.

माणसाच्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसलेला असतो, तसाच हा जॉइंट असतो. चाकाच्या आतल्या बाजूला एक वर, एक खाली. त्यांच्यामुळे चाक वळतंही आणि खालीवरही होतं. वाटी झिजली की गोळा हलतो, आणि एखाद्या दिवशी निसटला तर चाक आडवं पडतं. धावत्या गाडीचं चाक आडवं पडणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं संभाजीनगरच्या जुन्या मालाच्या बाजारातून नवे जॉइंट शोधून एसटीच्या पार्सलनं पाठवले. पण तोवर मेकॅनिक लग्नासाठी आठ दिवस गावाला गेला होता. शनिवार होता, आणि सोमवारी अंबाजोगाईची पाळी होती. गुरुजींनी मला विचारलं, "तुला जमेल का गं?"

मी हे काम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकदाच केलं होतं, तेही दोघींनी मिळून, सर शेजारी उभे असताना. नाही म्हणायला हवं होतं की काय, ते मला आजही कळत नाही. मी म्हणाले, "बघते." मग घरी जाऊन दादांना म्हणाले की ताकदीच्या कामाला तुम्ही या.

रविवारी सकाळी आम्ही गाडी लिंबाखाली घेतली. दादांनी आमच्या टायरगाडीचे, म्हणजे ऊस वाहायच्या बैलगाडीचे, बाभळीचे ठोकळे आणले होते. उसानं भरलेल्या गाडीचं चाक बदलताना ते हेच ठोकळे लावतात. गाडी जॅकवर उचलून त्यांनी खाली ठोकळे सरकवले आणि म्हणाले, "हिला बैल न्हाईत, एक बरं हाय. लाथ बसायची भीती न्हाई."

मी चाक काढून त्यांना आतल्या खालच्या दांड्यावर दाबून बसवलेली जाड स्प्रिंग दाखवली. "दादा, ही मारती. खालचा दांडा सुटला तर बैलापेक्षा जोरात."

त्यांनी खाली वाकून बघितलं. मग गुरुजींच्या घरातून दुसरा जॅक आणून त्यांनी त्या दांड्याखाली लावला. पुढचं काम होईपर्यंत त्या जॅकला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

नट फिरू नयेत म्हणून घातलेल्या पिना काढल्या, नट सैल केले. जॉइंटचा खिळा निमुळता असतो, त्याला टेपर म्हणतात. तो चाकाच्या बाजूच्या भोकात इतका घट्ट रुतलेला असतो की ओढून निघत नाही. बाजूनं हातोडा मारावा लागतो. मी सात-आठ वेळा मारला, काही झालं नाही. दादांनी मागून एक घण टेकवला आणि पुढून एकच घाव घातला. टेपर सुटला, मग दुसराही तसाच. वर्षानुवर्षं कोयता चालवलेला हात तो. कुठं किती जोर लावायचा, ते त्याला कोणी शिकवायची गरज नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण बोलावताना मी त्यांची नुसती ताकद मोजली होती.

नवे जॉइंट दांड्यांवर बोल्टनं बसवले. तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली. मी कप घेऊन परत आले तेव्हा दोन्ही टेपर भोकांत बसलेले होते आणि दादा पान्यानं नट आवळत होते. त्यांचे तळवे काळेभोर झाले होते. शेजारी वंगणाचा डबा उघडा होता.

दादा कोणतंही लोखंड कोरडं ठेवत नाहीत. ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी ते टायरगाडीची चारही बेअरिंगं काढतात, धुतात आणि हातानं वंगण भरतात. त्या दिवशी घरात पुरणपोळी असते. मी लहान असताना एका भरल्या गाडीचं बेअरिंग कोरडं पडून चाक अडकलं होतं आणि आमचा एक बैल गुडघ्यावर पडला होता. तो पुन्हा कधी गाडीला चालला नाही. तेव्हापासून दादा वंगण स्वतःच लावतात.

पण टेपर कोरडा बसवायचा असतो. आमच्या सरांनी हे निदान दहा वेळा सांगितलं होतं. त्याची पकड लोखंडाला लोखंड घासण्यातच आहे. वंगण लागलं की तो नको तेवढा आत जातो, भोकावर ताण येतो आणि पुढं कधीतरी ढिला पडू शकतो. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दादांनी नट आवळून झाल्यावर मला बोलावलं. म्हणाले, पिना तूच घाल, ते तुझं काम. पिना बरोबर बसल्या. वरून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं.

मी चाक चढवलं. बोलले नाही. मनात म्हणत होते की एवढ्यानं काय होतंय, आणि सरांनी सांगितलेलं सगळंच तर आपल्याला कळतं असं नाही. खरं कारण वेगळं होतं. दादांना चूक म्हणायची मला सवय नव्हती. ती येऊ नये असंही वाटत होतं.

मग गुरुजी चावी घेऊन आले. त्यांच्यामागून काकू, काखेत गोधडी घेऊन. मारुतीच्या देवळापर्यंत एक चक्कर मारू म्हणाल्या, उद्याची भीती तरी जाईल. त्या दार धरून वाकल्या तेव्हा कळ आली असावी, क्षणभर तशाच थांबल्या. माझ्या तोंडून निघालं, "काकू, बसू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दादांकडं बघून सांगितलं की वंगण लावायचं नसतं त्या खिळ्याला. तो कोरडाच पाहिजे. परत खोलावं लागेल.

दादांनी विचारलं, "मंग आधी कावून बोलली न्हाईस?"

"तुमी बसवलं होतं म्हणून."

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, परत बांधला. "मी बसवलं म्हणून काकूला त्याच्यावर बसवायचं व्हय?" एवढंच म्हणाले आणि जॅक पुढं ओढला.

पुन्हा चाक, पुन्हा नट, पुन्हा तो एक घाव. मी रॉकेलनं टेपर आणि भोकं पुसली. दादांनी धुतलेलं फडकं मागून घेऊन ती परत पुसली आणि बोट फिरवून मला दाखवलं, बोट स्वच्छ होतं. आता पिनांचा प्रश्न आला. एकदा वाकवून काढलेली पिन परत वापरायची नाही, आणि नव्या दोन्ही मी घालून बसले होते. गुरुजी म्हणाले, केजला जातो. पण दादा त्याआधीच सायकल घेऊन फाट्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याकडं निघाले होते. त्यानं जुन्याच वापरा म्हणून सांगितलं, तेव्हा दादा त्याला म्हणाले होते, "माझी पोरगी न्हाई म्हणती. नव्या दे." हे मला त्या ट्रॅक्टरवाल्यानंच नंतर सांगितलं.

चारच्या सुमारास काम संपलं. शेवटी वंगणाच्या जागी, म्हणजे जॉइंटच्या निपलमध्ये, दादांनी वंगण भरलं. मी मुद्दाम त्यांनाच सांगितलं. सोमवारी काकू अंबाजोगाईला जाऊन आल्या. गुरुजी म्हणाले, टक नाही. काकू म्हणाल्या, त्यांना झोप लागली होती.

या तिघांचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. आमच्यात कोणी तसं तोंडानं म्हणतही नाही. गुरुजींनी मला त्या गाडीत बसवून नेलं नसतं तर टेपर कोरडा लागतो हे मला कळलं नसतं. आणि कळलेलं बोलून दाखवल्यावर दादा रागावले असते, तर मी पुढं बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मी घरी आले होते. ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी दादांनी टायरगाडीची बेअरिंगं धुऊन ओळीनं ठेवली, डबा उघडला आणि हात वंगणात घालायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"इथं लावू का, बाई?"

ते चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, ते मला ओळखता आलं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "इथं लावा, दादा. भरपूर लावा."