माकडिणीचा फोटो

तेइजी कुरोइवाने आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता. रानातल्या जनावरांचं माजावर येणं, जुगणं, विणं, पिल्लं वाढवणं, सगळं फोटोत धरायचं आणि त्याचं पुस्तक करायचं. तो दिवसेंदिवस जपानातल्या शिन्शूच्या डोंगरात दडून बसायचा आणि खाली सफरचंदांची बाग त्याची बायको मात्सुए एकटी सांभाळायची. गावाला चघळायला आयताच विषय. शेजारची तोकु म्हातारी तर तोंडावर म्हणायची, "तुझा नवरा वर माकडिणींची बाळंतपणं काढतो, आणि त्या लेकुरवाळ्या खाली येऊन आमची सफरचंदं खातात." मात्सुए ते हसण्यावारी न्यायची. म्हातारी फटकळ खरी, पण त्यापुढे कधी गेली नाही, एवढी माणुसकी तिच्यात होती.

त्यापुढचं, तिने कधी न काढलेलं, म्हणजे मात्सुएचं स्वतःचं बाळंतपण. लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तिला मुलगी झाली, ती मेलेलीच. सुईणीने बाळ लगेच फडक्यात गुंडाळलं. "पाहिलंस तर विसरणार नाहीस," म्हणत सासूने तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा रीतच तशी होती, आणि आपण तिच्यावर उपकार करतोय असंच सगळ्यांना वाटत होतं. जसं काही न पाहिलेलं मूल आई विसरते! तेइजीने ते गाठोडं देवळामागे नेऊन पुरलं. त्यानंतर नवरा-बायको त्याविषयी कधी बोलले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात टोकियोहून प्रकाशकाचा माणूस आला, मोरिवाकी. बैठकीच्या खोलीत चटईवर फोटो मांडले गेले. कोल्ह्यांची जोडी, विणारी हरिणी, अंडी घालून मरायला टेकलेले मासे. मोरिवाकी खूश होता. शेवटी एक माकडीण आली, मेलेलं पिल्लू छातीशी धरून चाललेली. तो फोटो त्याने हळूच बाजूला सारला. पुस्तक जन्माचं आहे, लोक ते घरी मुलांना दाखवतील, असं त्याने फार गोड शब्दांत सांगितलं. वर्षानुवर्षांची मेहनत एका फोटोपायी पाण्यात जायला नको म्हणून तेइजीने मान खाली घालून होकार दिला.

मात्सुए चहा घेऊन आली होती. पाहुण्यांसमोर ती कधी तोंड उघडत नसे. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "किती दिवस घेऊन हिंडली ही?"

"आठवडाभर तरी. पिल्लू वाळून गेलं तरी सोडेना."

"आणि कुणी काढून घेतलं नाही?"

"नाही."

मात्सुएने फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि विणाऱ्या हरिणीशेजारी ठेवला. "साहेब, हीसुद्धा बाळंतीणच आहे," ती म्हणाली.

तेइजीने मान वर केली. हा फोटो नसेल तर पुस्तकच नको, असं तो म्हणाला, आणि बायकोकडे पाहत म्हणाला. मोरिवाकीने चहा संपवला. मग त्याने पेन्सिल काढून फोटोच्या पाठीवर पानाचा आकडा लिहिला.

तो बसने गेल्यावर मात्सुए पेले गोळा करू लागली. करता करता थांबली.

"जावळ होतं का हो तिला?"

कोणाला, हे तेइजीला विचारावं लागलं नाही. "होतं," तो म्हणाला. "भरपूर. काळंभोर."

मात्सुए खाली बसली आणि रडली. या वेळी तिने तोंड भिंतीकडे फिरवलं नाही.