राहून गेलेलं भाषण

खोबरेल कोमट केलं की त्या वासानं मी खाडीकाठच्या रामवाडीतल्या मैत्रिणीच्या ओटीवर जाऊन पोचते. तेव्हा आम्ही पाच-सहाजणी पॅलेस्टिनी लोकांसाठी औषधं, गरम कपडे गोळा करून पाठवायचो आणि पुण्यात शिकणाऱ्या तिकडच्या मुलींनाही जमेल ती मदत करायचो. त्यांतलीच एक त्या दुपारी भाषण करायला आली होती. मोडक्या हिंदीत चार वाक्यं बोलली आणि हातातला कागद मिटून खाली बसली. घरून दोन महिने पत्र नव्हतं, म्हणाली. तेवढ्यात आमच्यातली मिठागरावर काम करणारी बाई तिच्याजवळ सरकली. “आईनं शेवटची वेणी कधी घातली गो तुझी?” मी तेच हिंदीत विचारलं, तर मुलीनं तीन बोटं दाखवली. तीन वर्षं झाली होती. बाईनं आतून तेल कोमट करून आणलं, तिला पुढ्यात बसवलं आणि हलक्या हातानं केस विंचरायला घेतले. “रड गो, हितं कोण परकं नाय.” शब्द कळले नसतील, पण ती हुंदके देऊन रडली. भाषण राहूनच गेलं. आज ती तिच्या गावात डॉक्टर आहे, आणि दोन दिवस तिचा मेसेज आला नाही तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.